कामाच्या ठिकाणची भावनिक बुद्धिमत्ता

कामाच्या ठिकाणची भावनिक बुद्धिमत्ता म्हणजे नोकरी, व्यवसाय किंवा सेवेच्या ठिकाणी स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखणे, त्यांची कारणे समजून घेणे आणि त्या जाणिवेच्या आधारे आपले वर्तन व परस्परसंबंध योग्य रीतीने सांभाळणे, यांसाठी लागणारी क्षमता होय. मानसशास्त्रात ही संकल्पना १९९० नंतर रूढ झाली. व्यवस्थापनशास्त्र, शुश्रूषा, शिक्षण आणि औद्योगिक संबंध या क्षेत्रांत तिचा विशेष विचार केला जातो. संज्ञा नवी असली तरी तिच्यात अभिप्रेत असलेला प्रश्न जुना आहे. मुंबईतील परळ, लालबाग, भायखळा, वरळी या गिरणगावात काम देणारा आणि काम करणारा यांच्यामधील विश्वास, अपमान, भीती व आपुलकी यांचा प्रश्न कापडगिरण्यांच्या आरंभापासून उपस्थित होता. जॉबर, कामगार अधिकारी, कल्याण अधिकारी आणि कामगार संघटना यांच्या रूपाने त्याची वेगवेगळी उत्तरे शोधली गेली.

संज्ञा आणि अर्थ

बुद्धिमत्तेचा विचार दीर्घकाळ तर्क, भाषा आणि गणिती आकलन यांपुरता मर्यादित होता. भावना ही बुद्धीला अडथळा आणणारी गोष्ट मानली जाई. भावनिक बुद्धिमत्तेच्या संकल्पनेत भावनेकडे माहितीचा स्रोत म्हणून पाहिले जाते. राग आला म्हणजे काही अन्याय घडल्याची किंवा अडवणूक झाल्याची जाणीव झाली, भीती वाटली म्हणजे धोक्याची सूचना मिळाली, असा त्याचा अर्थ घेतला जातो. ही सूचना खरी की खोटी, हे तपासून मग कृती करणे हे या बुद्धीचे कार्य समजले जाते.

मराठीत ‘समानुभूती’ आणि ‘सहानुभूती’ या शब्दांत भेद केला जातो. दुसऱ्याच्या दुःखाबद्दल हळहळ वाटणे ही सहानुभूती होय. दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याची अवस्था त्याच्या दृष्टीने समजून घेणे ही समानुभूती होय. भावनिक बुद्धिमत्तेच्या विवेचनात दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. तसेच भावना दाबून टाकणे आणि भावनेचे नियमन करणे या दोन भिन्न क्रिया मानल्या जातात. सदैव गोड बोलणे, मतभेद टाळणे किंवा वरिष्ठांपुढे नमते घेणे म्हणजे भावनिक बुद्धिमत्ता नव्हे.

संकल्पनेचा इतिहास

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये ‘सामाजिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. माणसांना समजून घेण्याची व त्यांच्याशी शहाणपणाने वागण्याची क्षमता ही बुद्धीचीच एक शाखा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यानंतर १९२४ ते १९३२ या काळात शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात कामगारांच्या उत्पादकतेविषयी प्रयोग झाले. एल्टन मेयो यांनी या प्रयोगांच्या आधारे असे मांडले की, कामगाराच्या कामावर प्रकाश, वेळ व वेतन यांप्रमाणेच गटातील संबंधांचा आणि आपली दखल घेतली जाते या भावनेचाही परिणाम होतो. हॉथॉर्न प्रयोगांच्या निष्कर्षांवर पुढे आक्षेप घेतले गेले, परंतु ‘मानवी संबंध’ या विचारप्रवाहाचा पाया त्यांतून घातला गेला.

हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्त मांडताना स्वतःला जाणण्याची आणि इतरांना जाणण्याची अशा दोन स्वतंत्र बुद्धिमत्ता गृहीत धरल्या. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात भावनिक बुद्धिमत्तेची शास्त्रीय व्याख्या केली. ही संज्ञा त्यापूर्वीही तुरळक वापरली गेली होती. डॅनियल गोलमन यांच्या १९९५ मधील पुस्तकामुळे ती सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचली. १९९८ मधील दुसऱ्या पुस्तकात गोलमन यांनी ही कल्पना कामाच्या ठिकाणाशी विशेषत्वाने जोडली.

घटक

मेयर आणि सॅलोव्ही यांनी १९९७ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात चार क्षमता सांगितल्या आहेत. भावना ओळखणे, विचाराला साहाय्य होईल अशा रीतीने भावनेचा उपयोग करणे, भावनांचा अर्थ व त्यांतील बदल समजून घेणे आणि भावनांचे नियमन करणे, असा त्यांचा क्रम आहे. गोलमन यांच्या प्रारंभीच्या मांडणीत स्व-जाणीव, स्वनियमन, प्रेरणा, समानुभूती आणि सामाजिक कौशल्ये हे पाच घटक आहेत. पहिले प्रतिमान भावनिक बुद्धिमत्तेला मोजता येण्याजोगी क्षमता मानते. दुसऱ्यात क्षमता, स्वभाव आणि सवयी यांचे मिश्रण आहे.

या क्षमता व्यवहारात कशा दिसतात, हे एका साध्या प्रसंगावरून स्पष्ट होते. नियमित वेळेवर येणारा एखादा कामगार आठवड्यात तीन वेळा उशिरा येतो आणि कारण विचारले असता चिडतो. खातेप्रमुखाला प्रथम स्वतःच्या मनातील संताप जाणवावा लागतो. ही स्व-जाणीव होय. तो संताप चारचौघांत व्यक्त न करता बोलणे थोडा वेळ लांबणीवर टाकणे हे स्वनियमन होय. चिडण्यामागे उद्धटपणा आहे की घरातील आजारपणाची लाज आहे, याचा अंदाज घेणे ही समानुभूती होय. पाळी बदलून देण्याची तडजोड करताना इतर सहकाऱ्यांना पक्षपात वाटणार नाही अशी काळजी घेणे हे सामाजिक कौशल्य होय. या चारही पायऱ्यांनंतर शिस्तीची कारवाई आवश्यक ठरू शकते. भावनिक बुद्धिमत्ता कारवाईला पर्याय देतेच असे नाही, परंतु ती अपमानाविना करता येते.

गिरणगावातील अनुभव

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे केली आणि १८५६ मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. पुढील काही दशकांत कोकण, पश्चिम महाराष्ट्राचा घाटमाथा आणि उत्तर भारत येथून आलेल्या लाखो माणसांनी परळ, लालबाग, शिवडी, नायगाव आणि वरळी हा परिसर व्यापला. मालक व व्यवस्थापक आणि कामगार यांच्यात भाषा, जात, वर्ग व राहणी यांचे मोठे अंतर होते. हे अंतर भरून काढण्याचे काम जॉबरकडे आले.

जॉबर

जॉबर हा मुळात अनुभवी कामगार असे. खात्यातील भरती, नवख्यांना काम शिकवणे, यंत्रे चालू ठेवणे, रजा व खाडे यांचा निर्णय आणि शिस्त ही सर्व कामे त्याच्याकडे असत. स्त्रिया मोठ्या संख्येने काम करीत अशा वाइंडिंग व रीलिंग खात्यांत हीच भूमिका ‘नायकीण’ पार पाडी. जॉबरची सत्ता गिरणीच्या दारापाशी संपत नसे. आपल्या गावच्या किंवा नात्यातील माणसांना तो कामावर लावी, चाळीत खोली मिळवून देई, वाण्याकडे उधारीला जामीन राही, प्रसंगी कर्ज देई आणि भांडणे मिटवी.

आपल्या खात्यातील कोणत्या कामगाराची बायको बाळंत होणार आहे, कोणाला गणपतीसाठी गावी जाणे अटळ आहे, कोणाचे कोणाशी पटत नाही, हे जॉबरला ठाऊक असे. अशा माहितीवरच खाते सुरळीत चाले. मात्र तीच माहिती शोषणाचे साधनही बनत असे. नोकरी मिळवण्यासाठी व टिकवण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे, त्याच्याकडून चढ्या व्याजाने कर्ज घ्यावे लागे आणि मर्जी गेल्यास काम जाई. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी दाखवून दिले आहे की, जॉबरची सत्ता अनिर्बंध नव्हती. कामगारांचा व वस्तीचा विश्वास गमावलेला जॉबर पुरेशी माणसे जमवू शकत नसे, आणि माणसे न जमवणाऱ्या जॉबरचा व्यवस्थापनालाही उपयोग नसे. त्यामुळे मालक आणि कामगार या दोन्ही बाजूंचे मन राखणे ही त्याची कायमची कसरत होती.

कामगारांच्या तक्रारींचे स्वरूप

गिरणी कामगारांच्या तक्रारींत वेतनाबरोबर मानाचा प्रश्नही गुंतलेला असे. दंड, शिवीगाळ, मनमानी बडतर्फी या बाबी वारंवार पुढे येत. खराब निघालेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची प्रथा विशेष रोषाचा विषय होती. सूत निकृष्ट असल्यामुळे कापड बिघडले, तरी दोष विणकराचा धरला जाई. अशा प्रसंगी होणारी आर्थिक हानी आणि आपले कौशल्य नाकारले गेल्याची भावना वेगवेगळ्या करता येत नाहीत.

नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–१८९७) यांनी १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या तासांवर मर्यादा, वेळेवर पगार आणि अपघातग्रस्ताला साहाय्य या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टीची मागणी १० जून १८९० रोजी मान्य झाली. थकवा, चिडचिड आणि वारंवार पडणारे खाडे हे कामगाराच्या स्वभावाचे दोष नसून कामाच्या रचनेचे परिणाम आहेत, हे या मागण्यांमागील गृहीतक होते.

जॉबरकडून कामगार अधिकाऱ्याकडे

१९२८ मध्ये मुंबईतील गिरण्यांत सुमारे सहा महिने सार्वत्रिक संप झाला. त्या पार्श्वभूमीवर १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजेच भारतातील कामगारविषयक शाही आयोगाने, १९३१ मध्ये अहवाल सादर केला. जॉबरच्या हातातील भरती व बडतर्फीचे अधिकार काढून घ्यावेत आणि कामगारांशी थेट संपर्क ठेवणारे अधिकारी नेमावेत, अशी शिफारस आयोगाने केली. एक पात्रता म्हणून अशा अधिकाऱ्याला कामगारांची भाषा येणे महत्त्वाचे मानले गेले.

१९३४ च्या मुंबई औद्योगिक कलह समेट कायद्याने मुंबईतील गिरणी कामगारांच्या तक्रारी मांडण्यासाठी सरकारी कामगार अधिकाऱ्याची तरतूद केली. मुंबई गिरणीमालक संघानेही आपला कामगार अधिकारी नेमला. बदली कामगारांची भरती जॉबरच्या मर्जीवर राहू नये म्हणून १९३५ पासून नोंदणीची पद्धत सुरू करण्यात आली. १९३६ मध्ये भायखळ्याजवळील नागपाडा येथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झालेल्या या विद्यालयातून अनेक कल्याण अधिकारी तयार झाले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

या बदलाने एका अनौपचारिक कौशल्याचे रूपांतर शिकता येण्याजोग्या व्यवसायात झाले. दस्तुरी व मनमानी यांना आळा बसण्यास त्यामुळे मदत झाली. त्याबरोबर जॉबरकडे असलेली चाळीतली, गावची, घरातली माहिती मात्र कार्यालयीन नोंदवहीत येऊ शकली नाही. कल्याण अधिकाऱ्याचा पगार मालक देत असल्यामुळे तो खरोखर कोणाचा माणूस, हा प्रश्नही कामगारांच्या मनात राहिला.

गिरणीबाहेरील आधार

कामगाराच्या मनःस्वास्थ्याचा मोठा भार गिरणीबाहेरच्या संस्थांनी उचलला. एकाच गावातील पुरुष एकत्र राहत ते गाळे, चाळीतील शेजार, भजनी मंडळे, व्यायामशाळा आणि सार्वजनिक गणेशोत्सव यांनी एकटेपणाला तोंड देण्याचे बळ दिले. घरगुती खानावळी चालवणाऱ्या स्त्रियांचे स्थान त्यांत महत्त्वाचे होते. संपकाळात पगार बंद असतानाही कामगारांना उधारीवर जेवू घालण्यासाठी या स्त्रिया स्वतः सावकाराकडून कर्ज काढीत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना करून अशा स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम सुरू केले. आपुलकीने दिलेल्या सेवेचाही आर्थिक भार असतो आणि तो कोणीतरी वाहत असते, ही बाब त्यातून ठळक झाली.

१९८२ चा संप

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात सहभागी होते. वेतनवाढ, बोनस व बदली कामगारांना कायम करणे यांबरोबरच, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये एकाच संघटनेला मिळणाऱ्या प्रातिनिधिक मान्यतेलाही त्यांचा विरोध होता. कायद्याने मान्य असलेली संघटना राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही होती, तर बहुसंख्य कामगारांनी विश्वास सामंतांवर टाकला होता. वाटाघाटीचा कायदेशीर मार्ग आणि विश्वासाचा मार्ग असे वेगळे झाले. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. त्याच्या अपयशामागे गिरण्यांची जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीच्या वाढत्या किमती अशी अनेक कारणे सांगितली जातात. औद्योगिक संबंधांच्या अभ्यासकांना मात्र त्यात आणखी एक बोध दिसतो. कामगाराला ज्या व्यक्तीजवळ मन मोकळे करावेसे वाटते तिला व्यवस्थेत स्थान नसेल, तर तक्रार संवादातून न येता संघर्षातून बाहेर पडते. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ या नाटकात या संपानंतर एका कामगार कुटुंबाची झालेली वाताहत चित्रित झाली आहे.

परळची रुग्णालये आणि भावनिक श्रम

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानसेविकांच्या अभ्यासातून ‘भावनिक श्रम’ ही संकल्पना मांडली. नोकरीची अट म्हणून विशिष्ट भावना दाखवणे, उदाहरणार्थ हसतमुख राहणे किंवा धीर देणे, हेही एक प्रकारचे श्रमच आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. मनात नसलेली भावना केवळ चेहऱ्यावर आणणे याला त्यांनी वरवरचा अभिनय म्हटले, तर ती भावना प्रयत्नपूर्वक मनात निर्माण करणे याला अंतरंग अभिनय म्हटले. सतत वरवरचा अभिनय करावा लागल्यास मानसिक थकवा वाढतो, असे अनेक संशोधनांत आढळले आहे.

परळ परिसरात १९२६ मध्ये सुरू झालेले राजे एडवर्ड स्मारक (केईएम) रुग्णालय, वाडिया रुग्णालये आणि १९४१ मध्ये स्थापन झालेले टाटा स्मारक रुग्णालय यांमुळे रुग्णसेवा हे या भागातील एक प्रमुख काम बनले. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू होईपर्यंत अंथरुणास खिळून होत्या. या संपूर्ण काळात परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात दयामरणाची याचिका फेटाळताना या कर्मचाऱ्यांच्या सेवेचा गौरव केला आणि त्यांच्या मताला निर्णायक महत्त्व दिले.

या घटनेचे दोन पैलू आहेत. सहकाऱ्यांमधील समानुभूती किती दीर्घकाळ टिकू शकते, याचे ते एक ठळक उदाहरण आहे. त्याच वेळी हल्ला कामाच्याच ठिकाणी झाला होता आणि त्यानंतर परिचारिकांनी सुरक्षिततेसाठी संप केला होता. समानुभूती सुरक्षित जागेची उणीव भरून काढू शकत नाही, हेही त्यातून दिसते.

गिरण्या बंद झाल्यानंतर लोअर परळच्या जमिनींवर विक्रीसंकुले, उपाहारगृहे व कार्यालये उभी राहिली. फिनिक्स मिल आणि कमला मिल ही त्यांची परिचित उदाहरणे होत. साच्यावर काम करणाऱ्याकडून हाताच्या कौशल्याची अपेक्षा असे. त्याच जागेवरील विक्रेत्याकडून किंवा स्वागतिकेकडून चेहऱ्यावरील प्रसन्नतेचीही अपेक्षा असते. त्यामुळे भावनिक श्रमाचा प्रश्न येथे अधिक व्यापक झाला आहे.

मापन

भावनिक बुद्धिमत्ता मोजण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत व्यक्तीला चेहरे, प्रसंग व पर्याय देऊन तिची उत्तरे तपासली जातात. मेयर, सॅलोव्ही आणि डेव्हिड करुसो यांची चाचणी या प्रकारची आहे. दुसऱ्या पद्धतीत व्यक्ती स्वतःविषयीच्या विधानांना गुण देते. रूवेन बार-ऑन यांची प्रश्नावली या प्रकारात मोडते. स्वतःविषयीचा अंदाज चुकीचा असू शकतो आणि नोकरीसाठी दिलेल्या मुलाखतीत तो जाणूनबुजून फुगवला जाऊ शकतो, ही दुसऱ्या पद्धतीची मोठी मर्यादा आहे.

टीका आणि मर्यादा

ही संकल्पना अतिव्यापक असून तिला बुद्धिमत्ता म्हणणे योग्य नाही, असा आक्षेप एडविन लॉक यांनी २००५ मध्ये घेतला. यशात बुद्ध्यांकापेक्षा भावनिक बुद्धिमत्तेचा वाटा मोठा असतो, या लोकप्रिय विधानाला पुरेसा पुरावा नसल्याचे अनेक मानसशास्त्रज्ञ सांगतात. डेना जोसेफ व डॅनियल न्यूमन यांनी २०१० मध्ये उपलब्ध संशोधनांचे एकत्रित विश्लेषण केले. ज्या कामांत भावनिक श्रम अधिक असतात तेथे या क्षमतेचा कामगिरीशी अनुकूल संबंध त्यांना आढळला, तर इतर कामांत तसा लाभ दिसला नाही.

इतरांच्या भावना ओळखण्याचे कौशल्य स्वार्थासाठीही वापरता येते. जॉबरचा इतिहास हे त्याचे उदाहरण आहे. दुसरा आक्षेप असा की, अपुरे वेतन, लांबलेले तास, असुरक्षित जागा यांवर उपाय न करता कामगारालाच संयम शिकवला जातो. या दृष्टीने रास्त राग हाही माहितीचा स्रोत आहे आणि त्याचे कारण दूर करणे हेच त्याचे योग्य नियमन ठरते.

संस्थेच्या पातळीवरील उपयोग

या मर्यादा लक्षात घेऊन अभ्यासक व्यक्तीच्या प्रशिक्षणाबरोबर संस्थेच्या रचनेवरही भर देतात. तक्रार ऐकणारी व्यक्ती आणि शिक्षा देणारी व्यक्ती वेगळी असणे, कानउघाडणी एकांतात व कौतुक सर्वांसमोर करणे, निर्णयाचे कारण संबंधितांच्या भाषेत सांगणे, अवघड प्रसंगानंतर परिचारिका किंवा वाहक यांसारख्या कर्मचाऱ्यांना विसावा देणे आणि पर्यवेक्षकाचे मूल्यमापन करताना त्याच्या हाताखालील माणसांचेही मत विचारात घेणे, हे त्यांतील काही उपाय होत. सराव व अभिप्राय यांच्या साहाय्याने भावनिक क्षमता काही प्रमाणात वाढवता येतात. एकदोन दिवसांच्या व्याख्यानांपेक्षा दीर्घकाळ चालणारे प्रशिक्षण त्यासाठी अधिक उपयुक्त मानले जाते.

हे सुद्धा पाहा

गिरणगाव
नारायण मेघाजी लोखंडे
मुंबईतील गिरणी कामगारांचा संप (१९८२)
औद्योगिक मानसशास्त्र
बहुविध बुद्धिमत्तांचा सिद्धान्त